धर्माच्या रकान्यात काय लिहायचं?

मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना 'धर्म' या रकान्यात मी 'नाही' असं लिहिलं. म्हापशाजवळची सिस्टरांची शाळा, मे महिन्याचा उकाडा, डोक्यावर पंखा कुरकुरतोय. कारकूनबाईंनी अर्ज वाचला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "बाब, हांगा कितें तरी बरोवचें पडटलें." म्हणजे इथे काहीतरी लिहावंच लागेल. मी म्हटलं, लिहिलंय की, 'नाही' असं. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यात धर्मांची यादी होती, शेवटी 'इतर'. मी म्हटलं, मग 'इतर' करा. "इतर म्हणजे कोण, असं वरून विचारतात हो मागाहून," त्या मराठीवर आल्या. माझ्यामागे सातआठ पालक घाम पुसत उभे होते. बाईंनी माझं आडनाव पुन्हा एकदा वाचलं आणि 'हिंदू'वर टिचकी मारली. माझ्या आईला जे चाळीस वर्षांत जमलं नाही ते एका ख्रिस्ती शाळेच्या ऑफिसात दोन सेकंदांत उरकलं.

मला तेव्हा माहीत नव्हतं, पण मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्येच निकाल दिला होता की कुठल्याही नागरिकाला आपला धर्म जाहीर करायला सरकार भाग पाडू शकत नाही, आणि 'मला धर्म नाही' असं सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मुंबई उच्च न्यायालय म्हणजे गोव्याचंही न्यायालय. निकालाची प्रत घेऊन मी परत गेलो असतो तर बाईंनी ती बहुधा फाईलला लावली असती आणि यादी होती तशीच राहिली असती.

पण लोक मला विचारतात तो प्रश्न वेगळाच असतो. देव मानत नाहीस, घरात देव्हारा नाही, लग्न नोंदणी पद्धतीने केलंस, चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला भावाकडे जातोस आणि आरतीच्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतोस. मग मुलगी सिस्टरांच्या शाळेत कशी? आमच्या मित्रमंडळात तर हा थट्टेचा ठरलेला विषय आहे. एक जण म्हणतो, "तुझा नास्तिकपणा इंग्रजीपुढे गुडघे टेकतो." त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. गोव्यात कॉन्व्हेंट निवडणारे निम्मे पालक इंग्रजीसाठी निवडतात, उरलेले शिस्तीसाठी, आणि दोघेही त्याला 'संस्कार' म्हणतात. मी शाळा निवडली ती घरापासून चालत सात मिनिटांवर आहे म्हणून, आणि वाडीतल्या मुलीच्या वयाच्या सगळ्या मुली तिथे जातात म्हणून. इंग्रजीचा मोह नव्हता असं नाही.

पण थट्टा करणाऱ्यांनी एक गृहीत धरलेलं असतं: धर्माची शाळा म्हणजे सिस्टरांची, आणि तिच्याबाहेर कुठेतरी एक निधर्मी शाळा आहे, जिथे माझ्यासारख्याने मुलगी घालायला हवी होती. ही शाळा कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

मी स्वतः पेडण्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकलो. कौलारू शाळा, दोन वर्ग, पुढे पोफळी. सरकारची शाळा, पैसा सरकारचा, मास्तर सरकारचे. घटनेच्या कलम २८च्या पहिल्याच पोटकलमात म्हटलंय की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. आमच्या शाळेत सकाळ सरस्वतीवंदनेने उघडायची. सरस्वतीपूजनाला पाटीवर सरस्वतीचं चित्र काढायचं, फुलं वाहायची, चौथीच्या वर्गातला कुणीतरी भटजीबाबांना सायकलवरून घेऊन यायचा. मुली नऊवारी नेसायच्या, आम्ही केळीचे खांब आणायचो. शाळेतला तो सर्वांत सुंदर दिवस असायचा, हे मी आजही नाकारत नाही. त्या वर्गात एक मुसलमान मुलगा होता, पेठेतल्या चपला विकणाऱ्याचा. तो त्या दिवशी काय करायचा हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवत नाही. म्हणजे आम्ही कुणी पाहिलंच नाही. आपला धर्म शाळेत असला की तो धर्म वाटत नाही, 'वातावरण' वाटतो.

हे सारं बेकायदा होतं का, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. पूजा म्हणजे 'शिक्षण' का, संस्कृत प्रार्थना म्हणजे धर्म की संस्कृती, यावर न्यायालयंही अडखळली आहेत. केंद्रीय विद्यालयांतल्या सकाळच्या प्रार्थनेविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठापुढे ठेवायला सांगितली. मला त्या वादाच्या निकालाची घाई नाही. माझं म्हणणं एवढंच, की सिस्टरांच्या शाळेत मुलगी घातली म्हणून मला जाब विचारणाऱ्यांनी आपली मुलं ज्या शाळेत आहेत तिथल्या भिंतीवरच्या तसबिरी एकदा मोजून याव्यात.

गोव्यात हा गुंता जास्तच घट्ट आहे, कारण इथे भाषा आणि धर्म एकाच दोरीला बांधले गेले आहेत. पोर्तुगीज काळात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांत संगीत आणि दोतोर्न, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण, शिकवत. हिंदूंची मुलं शेणवीमामाकडे, म्हणजे गावच्या पंतोजीकडे, देवळाच्या नाहीतर कुणाच्या घराच्या पडवीत, मराठी अक्षरं गिरवत. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, चर्च आणि राज्य वेगळं झालं, आणि इथल्या हिंदूंना मोकळा श्वास मिळाला. पुढच्याच वर्षी फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ उभं राहिलं. पणजीचा मुष्टिफंड त्याच्याही आधीचा, १९०८चा. घरोघरची मूठमूठ मदत हे त्या नावातच आहे. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेड्याखेड्यांत मराठी शाळा काढल्या आणि आमच्या बहुजन समाजाच्या आयाबहिणी पहिल्यांदा शाळेची पायरी चढल्या. माझी आई त्यांपैकीच. तिला मराठी वर्तमानपत्र वाचता येतं ते त्या शाळांमुळे. त्यामुळे मराठी शाळेबद्दल वाकडा शब्द लिहिताना माझा हात अडतो.

पण हेही खरं की मराठी शाळा या इतिहासामुळे हिंदूंची शाळा होऊन बसली आणि इंग्रजी शाळा ख्रिस्तींची. १९९० साली सरकारने ठरवलं की अनुदान फक्त प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांना. तेव्हा चर्चच्या बहुतेक शाळांनी कोकणी माध्यम घेतलं. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान द्यायचं ठरवलं आणि गोवा पेटला. भारतीय भाषा सुरक्षा मंचाचे मोर्चे एका बाजूला, इंग्रजी मागणारे पालक दुसऱ्या बाजूला. २०१२ मध्ये पर्रीकर आले, तरी चर्चच्या शाळांचं अनुदान चालूच राहिलं. या वादात दोन्हीकडचे लोक तोंडाने 'मातृभाषा' नाहीतर 'पालकांचा हक्क' म्हणत होते, पण सभेला गेलं की कळायचं, कुठल्या सभेत गळ्यात क्रूस आहेत आणि कुठल्या सभेत कपाळाला गंध. माझ्यासारखा माणूस, ज्याला मराठी हवी पण पूजा नको, किंवा सिस्टरांची शिस्त चालेल पण दोतोर्न नको, तो कुठल्याच सभेत बसत नव्हता.

मग तिसरी वाट: पर्यायी शाळा. आसगाव, शिवोली, मांद्रे या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मुंबई-दिल्ली-बंगळुरूहून आलेली कुटुंबं स्थिरावली आणि त्यांच्यामागून गणवेश नसलेल्या, परीक्षा नसलेल्या शाळा आल्या. मी एक पाहायला गेलो होतो. जुनं पोर्तुगीज घर, अंगणात मातीचा ढीग, मुलं चिखलात माखलेली, एक बकरी. खरं सांगतो, जीव हरखला. माझ्या मुलीने बकरीला सोडायचं नाव घेतलं नाही. मग फी ऐकली. आमच्या घराच्या हप्त्यापेक्षा ती जास्त होती. पण पैशाचं गाऱ्हाणं बाजूला ठेवतो. मला जास्त खटकलं ते दुसरंच. तिथे सकाळी मुलं वर्तुळात उभी राहून सूर्याला उद्देशून काही ओळी म्हणत होती, मेणबत्ती पेटवत होती. शिक्षिका म्हणाली, ही प्रार्थना नाही, ही लय आहे.

घरी येऊन वाचलं. ज्या पद्धतीची ती शाळा होती ती वॉल्डॉर्फ पद्धत रुडॉल्फ स्टायनर यांची. १९१९ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला एका सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी त्यांनी पहिली शाळा काढली. त्यांच्या विचारव्यवस्थेचं नाव अँथ्रोपोसॉफी, तिच्यात कर्म आहे, पुनर्जन्म आहे, सात सात वर्षांनी माणसात काय उतरतं याचा हिशेब आहे. म्हणजे कॉन्व्हेंटमधला देव टाळून मी तिप्पट पैसे भरून पुनर्जन्म विकत घेणार होतो. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या शाळा याहून प्रामाणिक वाटतात. ज्या माणसाने १९२९ मध्ये आपल्याभोवती इतरांनी उभा केलेला संघ स्वतःच विसर्जित केला, त्याच्या शाळेत निदान गुरूला प्रश्न विचारायची मुभा असावी. पण त्याही शेवटी एका माणसाच्या अंतर्दृष्टीभोवती उभ्या आहेत. मॉन्टेसोरीबाई स्वतः कॅथलिक, आणि भारतातली त्यांची पहिली मोठी सोय थिऑसॉफिस्टांनी मद्रासच्या अड्यारला केली. शाळा ही गोष्टच अशी आहे की कुणाच्या तरी श्रद्धेशिवाय ती उभी राहत नाही. नुसत्या तर्काने कुणी तीस मुलांची नाकं पुसत बसत नाही.

महाराष्ट्रात पुण्याचं अक्षरनंदन, फलटणचं कमला निंबकर बालभवन अशा मराठी माध्यमाच्या, मूल केंद्रस्थानी ठेवणाऱ्या शाळा आहेत. त्या माझ्या म्हापशात असत्या तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. गोव्यातली पर्यायी शाळा बोलते इंग्रजीत आणि तिच्या वर्तुळात वाडीतली एक मुलगी नसते. माझी मुलगी तिथे गेली असती तर निधर्मी नव्हे, फक्त श्रीमंत झाली असती; तेही आमच्या हप्त्यावर.

घरशिक्षणाचाही विचार करून झाला. शिक्षणहक्क कायदा त्याबद्दल स्पष्ट काही बोलत नाही, आणि दहावीला मुक्त विद्यालयाची म्हणजे एनआयओएसची परीक्षा देता येते, त्यामुळे वाट बंद नाही. पण बायको नोकरी करते, मी नोकरी करतो, आणि आमच्याकडे घरी असतो तो वेळ आईचा. आईने घरशिक्षण घेतलं असतं तर सहा महिन्यांत मुलीला रामरक्षा पाठ झाली असती.

तर मुलगी सिस्टरांकडे गेली. आता ती सहावीत आहे, आणि या सगळ्या वर्षांत जे पाहिलं ते सांगतो.

शाळेत दोतोर्नचा तास असतो. तेवढ्या वेळात बिगर-कॅथलिक मुलं दुसऱ्या वर्गात जातात आणि मूल्यशिक्षण शिकतात: खरं बोलावं, पाणी वाया घालवू नये, आईवडिलांना मदत करावी. हे जुनं आणि मला वाटतं प्रामाणिक वेगळेपण आहे. कॅथलिक मुलांना त्यांचा धर्म शिकवला जातो, बाकीच्यांना शिकवला जात नाही. तक्रारीला जागा नाही. पण सकाळची प्रार्थना सगळ्यांची. दुपारी बाराला प्रार्थनेची घंटा होते तेव्हा सगळे उभे. डिसेंबरात नाताळचं नाटक सगळ्यांचं.

तिसरीत असताना मुलीला त्या नाटकात देवदूताचं काम मिळालं. ती घरी नाचत आली. मी गप्प झालो. रात्री बायकोला म्हटलं, हे बरोबर नाही, उद्या मी सिस्टरांशी बोलतो. बायको पुठ्ठा कापत होती. वर न बघता म्हणाली, "पंख पुठ्ठ्याचे आहेत. तू लहानपणी दशावतारात वानर झाला होतास, त्याचं काय झालं?" मी काही बोललो नाही. पंखांना चांदीचा कागद लावायला मीच बसलो, आणि एक पंख उलटा चिकटवला. नाटकात तो एक पंख पूर्ण वेळ खाली झुकलेला होता. आई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती. तिला देवदूतही चालतो. ती देवांच्या बाबतीत माझ्यासारखी संकुचित नाही.

त्या रात्री मला एक भेद कळला, तो मी नंतर जपून ठेवला. उभं राहणं वेगळं, म्हणणं वेगळं, आणि मानणं आणखी वेगळं. केरळात १९८५ मध्ये यहोवाच्या साक्षीदार पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं, कारण राष्ट्रगीत चालू असताना ती उभी राहायची पण गायची नाहीत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. उभी राहिली, अनादर केला नाही, मग जबरदस्तीने गायला लावायचं कारण नाही. राष्ट्रगीताबद्दल हे मान्य होऊ शकतं, तर बाराच्या घंटेबद्दल का नाही? मी मुलीला सांगितलं, घंटा झाली की उभी राहा, ते शेजाऱ्याच्या घरातलं अगत्य आहे. तोंडाने काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. ती म्हणाली, "मी तेव्हा पाढे म्हणते मनात." सतरापर्यंत तिचे पाढे पक्के आहेत. त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते सिस्टरांनी ठरवावं.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो, कारण वरचं सगळं म्हणजे मी माझ्यापुरती काढलेली पळवाट आहे, आणि पळवाटांवर सार्वजनिक व्यवस्था चालत नाही.

२०२४च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन सुरू झालं. दर दहा वर्षांनी होतं ते, यावेळी ५ जानेवारीपर्यंत होतं. शाळेची सहल ठरली. मुलीने एक चिठ्ठी आणली, पालकाच्या सहीसाठी. बसने नेण्यास माझी हरकत नाही. पाण्याची बाटली आणि टोपी द्यावी. मुलीला बस लागत असल्यास कळवावे. मी सही केली. तिने जावं असंच मला वाटत होतं, गोव्यात राहून ते न पाहणं म्हणजे पंढरपूरला राहून वारी न पाहण्यासारखं. पण चिठ्ठी हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. मुलीला बसमध्ये बसवायला शाळेला माझी लेखी संमती लागते. प्रार्थनेत बसवायला लागत नाही.

वास्तविक घटनेने हे नेमकं उलट सांगितलंय. कलम २८चं तिसरं पोटकलम सरकारी शाळांपुरतं नाही. सरकारची मान्यता असलेली किंवा सरकारी पैसा घेणारी प्रत्येक संस्था त्यात येते, अल्पसंख्याकांची धरून. तिथल्या धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेणं कुणालाही बंधनकारक करता येणार नाही, त्याने स्वतः, आणि तो वयाने अज्ञान असेल तर त्याच्या पालकाने, संमती दिल्याखेरीज. शब्द नीट पाहा. नको असेल तर तक्रार करा, असं त्यात म्हटलेलं नाही. आधी विचारा, असं म्हटलंय. इंग्लंडात १९४४च्या कायद्यापासून शाळांत रोजची सामुदायिक उपासना आहे आणि ज्या पालकांना नको त्यांनी मूल वगळून घ्यायचं, म्हणजे ओझं पालकावर. तिथे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांपैकी साधारण एक तृतीयांश शाळा धर्मसंस्थांच्या आहेत, आणि चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून आयुष्यात चर्च न पाहिलेली जोडपी रविवारी बाकांवर जाऊन बसतात, ही तिथली जुनी चेष्टा आहे. आपल्या घटनाकारांनी ओझं शाळेवर टाकलं. आपण ते गुपचूप उचलून पुन्हा पालकाच्या पाठीवर ठेवलं, आणि पालक ते उचलत नाही कारण त्याला उद्या त्याच सिस्टरकडे, त्याच मुख्याध्यापकाकडे मुलीचा दाखला मागायला जायचं असतं.

म्हणून माझी मागणी अगदी कारकुनी आहे. प्रवेशाच्या अर्जात बसच्या चिठ्ठीसारखी एक ओळ असावी. या शाळेत अमुक अमुक प्रार्थना, पूजा, उपासना होते; माझ्या पाल्याने त्यात भाग घ्यावा / घेऊ नये. शिक्षण खात्याने एक परिपत्रक काढावं आणि सगळ्या शाळांना, खरोखर सगळ्या, तीच ओळ छापायला लावावी. आणि धर्माच्या यादीत 'धर्म नाही' हा शब्द असावा. खर्च शाईचा.

'सगळ्या' या शब्दावर मी मुद्दाम अडतोय. कारण या मागणीचा दुरुपयोग कसा होईल ते मला आत्ताच दिसतं. उद्या एखादी संघटना हाच लेख घेऊन सिस्टरांच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहील, 'हिंदू मुलांना प्रार्थना म्हणायला लावतात' असं ओरडत. त्या लोकांशी मला काही देणंघेणं नाही. ज्या शाळेत जेवणाआधी भोजनमंत्र होतो, सकाळी गायत्री होते, भिंतीवर भारतमातेसोबत देवदेवता आहेत, त्या शाळेच्या अर्जातही तीच ओळ हवी, आणि माझ्या पेडण्यातल्या सरकारी शाळेच्या तर सर्वांत आधी. घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क दिलाय, तो राहावा. त्यांनी दोतोर्न शिकवावं, चर्चचं फेस्त, म्हणजे सण, करावं, झेवियरचं नाव घ्यावं. विचारून घ्यावं एवढंच.

आणि विचारणं म्हणजे दूर ठेवणं नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये दाबोळीच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयाची मुलं मशीद पाहायला गेली म्हणून गदारोळ झाला, प्राचार्यांना निलंबित केलं गेलं. हे वाचून मी हताश झालो होतो. मशीद पाहणं म्हणजे नमाज पढणं नव्हे. धर्माविषयी शिकवणं आणि धर्म शिकवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अभ्यासक्रमाच्या खटल्यात मान्य केलंय. माझ्या मुलीने मशीद पाहावी, चर्च पाहावं, मंगेशीला जाऊन दीपमाळ पाहावी, आणि सांकवाळला जाऊन धर्मानंद कोसंबी तिथून का निघून गेले आणि बुद्धापाशी कसे पोचले तेही ऐकावं. त्यांचा इतिहासकार मुलगा दामोदर पुढे देवदैवतांच्या मुळाशी कुदळ घेऊन उतरला. गोव्याच्या मातीत श्रद्धा जेवढी रुजली तेवढीच शंकाही. पण आमच्या शाळांत फक्त पहिलीच शिकवतात.

माझा एक स्नेही, तोही देव न मानणारा, म्हणतो की ही संमतीची ओळ क्रूर आहे. सगळी मुलं प्रार्थनेत असताना एकटं मूल ग्रंथालयात बसवायचं, म्हणजे बापाच्या तत्त्वाची शिक्षा मुलीला. याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. एक मूल असेल तर तो बरोबर आहे. पण विचारल्याशिवाय कसं कळणार की एकच आहे? आमच्याच वर्गात, मला नंतर कळलं, एका मुस्लिम मुलीच्या आईलाही सकाळची प्रार्थना नको होती आणि एका पेंटेकोस्टल कुटुंबाला मेरीच्या पुतळ्यापुढे हात जोडणं पटत नव्हतं. तिघांनीही गप्प बसून आपापल्या मुलीला मनात काहीतरी वेगळं म्हणायला शिकवलं होतं. तीन मुली एका रांगेत उभ्या राहून तीन वेगळ्या गोष्टी मनात म्हणत होत्या आणि शाळा समजत होती की सगळं एकसुरात चाललंय.

उरलेल्या अर्ध्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. मुलीने दहाव्या वर्षी मला विचारलं, "मला प्रार्थना आवडायला लागली तर तू काय करशील?" मी म्हटलं, काही करणार नाही. ती म्हणाली, "खोटं." तिला माझा चेहरा वाचता येतो. निधर्मी घरातही एक न बोललेली दोतोर्न असते, आणि तिच्यासाठी कुणी माझ्या मुलीची संमती घेतलेली नाही.

गेल्या सरस्वतीपूजनाला मी माझ्या जुन्या शाळेत गेलो. आता तिथे आठ मुलं आहेत. तीन जणांचे आईबाप कर्नाटकातून बांधकामावर आलेले, घरी कानडी बोलणारे. मास्तरीण एकटीच, चारही वर्ग एका खोलीत. कौलं बदलून पत्रे घातलेत. माजी विद्यार्थी म्हणून तिने मला पूजेला बसायला सांगितलं. मी म्हटलं, बाई, मी पूजा करत नाही, पण नारळ आणलेत आणि मुलांना वह्या आणल्यात. ती एक क्षण माझ्याकडे बघत राहिली. मग पाट व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांपुढे सरकवला आणि मला म्हणाली, "मग तुम्ही नारळ सोला. कोयती आत आहे."